पाण्याची उकळी आणि माणसाची धाप

सुट्टीचे बेत ठरू लागलेले दिसतात. या वेळच्या पत्रांत लेह आणि मालवण यांचीच गर्दी आहे. त्यांच्या जोडीला साखर कारखान्याबद्दलचे एक पत्र, गुडघेदुखीचे एक, आणि परभणीच्या एका विद्यार्थ्याचा अवकाशाबद्दलचा फार चांगला प्रश्न आला. वाचता वाचता लक्षात आले की सगळ्यांच्या मुळाशी हवेचा दाब आहे. म्हणून या अंकात तेवढीच पत्रे घेतली आहेत. बाकीच्या वाचकांनी कृपया महिनाभर थांबावे.

प्रश्न : जूनमध्ये आम्ही मुंबईहून विमानाने लेहला जाणार आहोत. सोबत सासूबाई आहेत, वय ६८. तिथे वरण-भात नीट शिजत नाही म्हणतात. घरचा कुकर न्यावा का? आणि वर ऑक्सिजन कमी असतो म्हणजे नेमके काय होते? (एक वाचक, ठाणे)

कुकर न्यायची सोय असेल तर जरूर न्या, ताई. पण तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे, आणि दोन्हींचे उत्तर एकाच हिशेबातून निघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भात. पाणी तापत जाते तसा त्याच्या वाफेचा दाब वाढतो. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. तोवर पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा धरलाच तर बाहेरची हवा त्याला चिरडून टाकते. मुंबईत, समुद्रकाठी, हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो, आणि तिथे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. जसजसे वर जावे तसतसा डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो, दाब घटतो आणि उकळीही लवकर फुटते. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला एक अंश कमी. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवला. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब ४९० मिलिमीटरच्या घरात असतो आणि पाणी ८८ अंशांनाच खळखळू लागते.

एकदा उकळी फुटली की पाणी त्यापुढे तापत नाही. गॅस कितीही मोठा करा, पाणी लवकर आटेल एवढेच. अन्न शिजते ते तापमानावर, बुडबुड्यांवर नव्हे. त्यामुळे लेहला उघड्या पातेल्यात भात उशिरा का होईना होतो, तूरडाळ मात्र बोटचेपी होता होत नाही आणि राजमा-हरभऱ्याचे तर नावच नको. चार्ल्स डार्विनने १८३५ साली अँडीज पर्वत ओलांडताना हाच अनुभव घेतला. बटाटे रात्रभर चुलीवर उकळत ठेवले आणि सकाळी पाहतात तो तसेच टणक. त्याच्या सोबतच्या माणसांनी नव्या भांड्याला दोष दिला. भांडे निर्दोष होते.

कुकरमध्ये आपण हा दाब आपल्या हाताने वाढवतो. शिटीचे वजन असे बेतलेले असते की आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढला की ते उचलले जाते. 'बाहेरच्यापेक्षा' हा शब्द इथे लक्षात ठेवा. समुद्रकाठच्या हवेइतक्या दाबाला 'एक वातावरण' म्हणतात. मुंबईत बाहेरचे एक आणि वजनाचे एक मिळून दोन वातावरणांचा दाब होतो आणि आत १२० अंश मिळतात. लेहला बाहेरचाच दाब पाऊण वातावरणाहून कमी, म्हणून तोच कुकर ११४ अंशांच्या आसपास थांबतो. तरीही ८८ कुठे आणि ११४ कुठे! दोन-तीन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतील, डाळ आधी भिजत घालावी लागेल, पण वरण होईल. एक विनंती : थंडी आहे म्हणून दारे-खिडक्या बंद करून खोलीत किंवा तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडने माणसे झोपेत दगावतात.

आता सासूबाई, आणि तुम्ही सगळेच.

'वर ऑक्सिजन कमी असतो' हे अर्धे बरोबर आहे. लेहच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईइतकेच असते, शंभरात २१ भाग. कमी झालेला असतो तो दाब, आणि ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात शिरतो तो दाबाच्या जोरावर. त्यात आणखी एक वाटेकरी असतो, त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. आपण घेतलेला श्वास छातीत पोचेपर्यंत ओला होतो. शरीराचे तापमान ३७ अंश, आणि ३७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब असतो ४७ मिलिमीटर. तुम्ही मुंबईत असा की हिमालयात, प्रत्येक श्वासातले ४७ मिलिमीटर ही वाफ आपल्या वाट्याला घेतेच. उरलेल्यात ऑक्सिजन २१ टक्के. मुंबईत ७६० मधून ४७ गेले, उरले ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. लेहला ४९३ मधून ४७ गेले, उरले ४४६, त्यात ऑक्सिजन ९४. सकाळी मुंबईत १५० आणि दुपारच्या आत ९४. शरीराला आपण हे अर्ध्या दिवसात करायला लावतो.

शरीर लगेच कामाला लागते. श्वास भराभर होतो, नाडी वाढते. पण भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. मूत्रपिंडे हा समतोल सावरतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात. याच दिवसांत डोके ठणकते, मळमळते, झोप येत नाही, रात्री श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन माणूस दचकून जागा होतो. म्हणूनच पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसते राहायचे. खार्दुंग ला ही खिंड नाही, पँगाँग तलाव नाही, बाजारात हळूहळू फेरी मारली तरी पुष्कळ झाले. सहल कंपनीच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी खिंड लिहिलेली असेल तर तो कार्यक्रम बदलून घ्या. पुढेही ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त चढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम आहे.

मूत्रपिंडांच्या या कामाला मदत करणारी अ‍ॅसेटाझोलामाइड नावाची गोळी असते. ती कोणाला चालते, कोणाला नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. सासूबाईंना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर तिकिटे काढण्याआधी विचारा. वय जास्त म्हणून हा त्रास जास्त होतो असे मात्र नाही. धडधाकट तरुण मुले जोशात धावपळ करतात आणि तीच आडवी होतात. व्यायामाने कमावलेले शरीर इथे कवच ठरत नाही. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे आपले जवान घाईने उंचावर पाठवावे लागले, त्यांच्यात या आजाराने हाहाकार केला. भारतीय सेनेच्या डॉक्टरांनी अशा १९२५ जवानांच्या नोंदींवरून १९६९ साली शोधनिबंध लिहिला आणि उंचीच्या आजारावर जगभरात तो आजही आधाराला घेतला जातो. जवानांच्या त्रासातून मिळालेले हे ज्ञान आहे. ते हाताशी असताना पर्यटकाने पहिल्या दिवशी खिंड गाठण्याचा हट्ट धरावा, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटची गोष्ट घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ किंवा लालसर थुंकी येणे, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, ही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचल्याची लक्षणे आहेत. 'सकाळी बघू' म्हणायचे नाही. ताबडतोब डॉक्टर, ऑक्सिजन आणि खाली उतरणे. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

प्रश्न : मी ट्रेकर आहे. उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून गडाची उंची काढता येईल का? (एक वाचक, नाशिक)

येईल, आणि ही पद्धत आपल्याकडे मोठ्या इतिहासाची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना तिबेटचा नकाशा हवा होता आणि परक्यांना तिबेटात मज्जाव होता. तेव्हा सर्वेक्षण खात्याने कुमाऊँचे नैनसिंग रावत यांना यात्रेकरूच्या वेषात पाठवले. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, प्रत्येक शंभर पावलांना एक मणी सारायचा. पारा कवड्यांत लपवलेला, थर्मामीटर पोकळ काठीत. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. पाणी किती अंशांना उकळते ते पाहून त्यांनी शहराची उंची काढली, ती आली ३२४० मीटरच्या आसपास. आजच्या मोजणीने ल्हासा सुमारे ३६५० मीटरवर आहे. म्हणजे चूक चारशे मीटरची. थंडीने काकडत, पकडले गेलो तर जीव जाईल या धास्तीत, एका थर्मामीटरवर काढलेला तो आकडा आहे. मला त्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

तुम्ही करून बघणार असाल तर ०.१ अंश दाखवणारा थर्मामीटर घ्या, कारण एवढ्याच फरकात ३० मीटर निघून जातात. ल्हासाच्या आकड्यात चारशे मीटर कुठे गेले असतील ते यावरून कळेल : जेमतेम सव्वा अंश. थर्मामीटरचे टोक पाण्यात न बुडवता पाण्यालगतच्या वाफेत धरा, वाचन जास्त भरवशाचे येते. निघण्याआधी पायथ्याच्या गावातही पाणी उकळून वाचन घ्या आणि दोन्हींतला फरक वापरा. हवामानामुळे त्या दिवशी दाब थोडा वरखाली असेल तर तो असा वजा होतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळी फुटायला हवी. काय आले ते कळवा.

प्रश्न : आमच्या भागातल्या साखर कारखान्यात उसाचा रस ६०-६५ अंशांना उकळतो असे तिथे काम करणारे काका सांगतात. गुऱ्हाळात तर काहील केवढी तापलेली असते. कोणाचे खरे? (अकरावीतील विद्यार्थिनी, कोल्हापूर जिल्हा)

काकांचे खरे आहे आणि काहीलही खरी आहे.

गुऱ्हाळात काहील उघडी. रस आटत जातो तसा पाक दाट होतो आणि दाट पाक पाण्याहून जास्त तापमानाला उकळतो. गूळ उतरवायच्या वेळी तो ११५ ते १२० अंशांवर गेलेला असतो. या उष्णतेत थोडी साखर करपते, तिचा रंग बदलतो, मळी सगळी आतच राहते. गुळाचा रंग आणि खमंग वास त्यातूनच येतो. कारखान्याला पांढरे, सुटे दाणे हवे असतात. तिथे पाक इतका तापवला तर साखरेची नासाडी. म्हणून एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८१३च्या सुमारास युक्ती काढली : भांडे बंद करा, आतली हवा काढून दाब उतरवा. दाब उतरला की पाक ६०-७० अंशांनाच उकळतो, पाणी निघून जाते आणि साखर करपत नाही. कारखान्यातले 'पॅन' ते हेच. पॅनमन छोट्या काचेच्या खिडकीतून आतला उकळता पाक बघतो, नमुना काढून काचेवर पसरतो आणि दाणा कसा धरला आहे ते पाहतो. सगळी यंत्रे असली तरी ती नजर लागतेच.

पुढच्या वेळी कारखान्यात गेलीस तर काकांना विचार, पॅन इतक्या वरच्या मजल्यावर का ठेवतात? पॅनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याला भेटते, तिचे पाणी होते आणि जागा जवळजवळ रिकामी पडते. दाब उतरतो तो त्यामुळे. हे पाणी खाली सोडायचे तर बाहेरची हवा ते नळीतून उलट वर ढकलणार. हवा किती वर ढकलू शकते? सुमारे १० मीटर, त्याहून जास्त नाही. म्हणून कंडेन्सर दहा मीटरहून उंच बसवतात आणि त्याची नळी खालच्या हौदात बुडवतात. पाणी आपोआप बाहेर पडते, हवा आत शिरू शकत नाही. शेतकऱ्यालाही हाच १० मीटरचा नियम ठाऊक असतो : काठावर ठेवलेली मोटर खोल विहिरीतले पाणी ओढत नाही, व्यवहारात सात-आठ मीटरलाच दमते, म्हणून तिला विहिरीत खाली उतरवून बसवावे लागते. मोटर पाणी ओढते असे आपण म्हणतो, पण पाणी वर येते ते बाहेरच्या हवेने ढकलले म्हणून.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग सांगते. मी सांगलीत भौतिकशास्त्र शिकवत असताना दर वर्षी हा वर्गात करून घेत असे. सुई नसलेली मोठी प्लास्टिकची सिरिंज घ्यायची. तिच्या पाव भागात गरम पाणी घ्यायचे. उकळते नको, हाताला चटका बसेल-न बसेल इतपत, म्हणजे साठ अंशांच्या आसपास. तोंड वर धरून आतली हवा पूर्ण काढून टाकायची, तोंडाला टोपण घट्ट लावायचे आणि दांडा जोर लावून मागे खेचायचा. आधी काहीच होत नाही. मग दट्ट्याच्या रबराजवळून बारीक बुडबुड्यांची एक माळ सुटते, क्षणात सगळे पाणी खळखळू लागते. दांडा सोडला की तो सपकन परत जातो आणि पाणी पुन्हा शांत. खाली आच नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळले. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास सिरिंजला बोट लावून बघतो की ती जास्त तापली का. ती तापलेली नसते, उलट पाणी किंचित निवलेले असते, कारण वाफ व्हायला लागणारी उष्णता पाण्यानेच दिलेली असते. तू कर, मैत्रिणींनाही दाखव.

प्रश्न : अवकाशात पोशाख फाटला तर माणसाचे रक्त उकळते, असे एका व्हिडिओत पाहिले. हे खरे आहे का? (नववीतील विद्यार्थी, परभणी)

तुझा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण याचे उत्तर ठाण्याच्या ताईंच्या उत्तरातल्या ४७ या आकड्यात आहे. ते आधी वाच.

३७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर. म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब ४७ पर्यंत उतरला तर पाणी शरीराच्या तापमानालाच उकळेल. असा दाब साधारण १९ किलोमीटर उंचीवर असतो. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर हॅरी आर्मस्ट्राँग यांनी हे दाखवून दिले आणि त्या उंचीला आज आर्मस्ट्राँग मर्यादा म्हणतात. (चंद्रावर गेलेले आर्मस्ट्राँग वेगळे.) आता श्वासाचा हिशेब त्या उंचीवर करून बघ : ४७ मधून वाफेचे ४७ गेले, उरले शून्य. शुद्ध ऑक्सिजन नाकाशी धरला तरी छातीत त्याला जागाच नाही. म्हणून त्या उंचीला नुसता मुखवटा पुरत नाही, शरीराभोवती दाब धरून ठेवणारा पोशाख लागतो.

रक्त मात्र व्हिडिओत सांगतात तसे लगेच उकळत नाही. ते बंद नळ्यांत आहे, नळ्यांच्या भिंती त्याला आवळून धरतात, शिवाय हृदय त्याला दाबाखाली ठेवते. उघड्यावरचे पाणी मात्र उकळते : जिभेवरची लाळ, डोळ्यांतला ओलावा. हे एका माणसाने अनुभवले आहे. १९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनला, जिम लब्लँक हे नासाचे तंत्रज्ञ निर्वात खोलीत अवकाश-पोशाखाची चाचणी देत होते. पोशाखाची नळी निसटली आणि दाब एकदम गेला. सुमारे १४ सेकंदांत ते बेशुद्ध होऊन पडले. खोलीत लगेच हवा सोडली गेली, ते शुद्धीवर आले आणि बचावले. शुद्ध हरपण्यापूर्वीची त्यांची शेवटची आठवण होती, जिभेवर लाळ उकळू लागल्याची.

इतक्या लवकर शुद्ध का जाते? छातीत ऑक्सिजनचा दाब शून्य झाला की तो रक्तातून उलटा बाहेर पडू लागतो. ते रक्त मेंदूपर्यंत पोचायला लागतात तेवढेच ते सेकंद. आणि श्वास रोखून धरणे हा त्यावर उपाय नव्हे. आतली हवा फुगून फुप्फुसे फाटतील.

सगळ्यांचे नशीब लब्लँक यांच्यासारखे नव्हते. १८७५च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तिघे जण आठ किलोमीटरच्या वर गेले. ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत होत्या, पण हातपाय इतके लुळे पडले की त्या तोंडाशी नेता आल्या नाहीत. गॅस्तों तिसांदिए एकटे जिवंत उतरले. ३० जून १९७१ला सोयूझ ११ हे सोव्हिएत यान पृथ्वीवर परतताना एक झडप अवेळी उघडली, यानातली हवा निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव हे तिघे अंतराळवीर गेले. त्यांच्या अंगावर दाबाचे पोशाख नव्हते. त्यानंतर सोयूझमध्ये चढताना-उतरताना पोशाख घालणे सक्तीचे झाले.

एव्हरेस्टचा हिशेब तू स्वतः कर. २४ ऑक्टोबर १९८१ला डॉक्टर क्रिस्टोफर पिझो यांनी शिखरावर हवेचा दाब मोजला, तो भरला २५३ मिलिमीटर. त्यातून ४७ वजा कर, २१ टक्के काढ. उत्तर ४३ येईल. मेसनर आणि हाबेलर हे गिर्यारोहक १९७८ साली ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय तिथे उभे होते ते या ४३ वर. तिथे पाणी ७१ अंशांच्या आसपास उकळते.

प्रश्न : आभाळ भरून आले की माझे गुडघे दुखतात. हवेचा दाब कमी होतो म्हणूनच ना? (एक ज्येष्ठ वाचक, वाई)

काका, तुमचे दुखणे खरे आहे, कारणाबद्दल मात्र मला शंका आहे. पावसाळी हवेत दाब घटतो तो साधारण पाच-दहा मिलिबारने (मिलिबार हे दाबाचेच दुसरे माप). मुंबईहून पुण्याला येताना बोरघाट चढला की दोन-तीन तासांत साठ मिलिबार कमी होतात. दाबच दुखवत असता तर लोणावळ्याला निम्मी बस कण्हत उतरली असती. ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने रुग्णांकडून रोज नोंदी घेऊन अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दमट हवा, कमी दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखण्याचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले. 'थोडे' हे महत्त्वाचे. पावसाळ्यात चालणे बंद होते, गारठ्याने स्नायू आखडतात, हेही जमेस धरा. घरातल्या घरात फेऱ्या सोडू नका, आणि सूज असेल तर आभाळाकडे न बघता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोपाहून विमान आहे. काही धोका? (एक वाचक, पुणे)

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणजे किती तासांनी, यावर सगळे आहे. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. इतके वजन लेहच्या चढणीतही अंगावरून उतरत नाही. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात, सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही. पॅरिसचे पॉल बेर यांनी १८७८ साली याचा उलगडा केला. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणारे मजूर या दुखण्याने वाकून जात होते. पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्यातून कायमचे अधू झाले.

विमानात केबिनमधला दाब जमिनीइतका नसतो, दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका ठेवतात. चिवड्याचे पाकीट तिथे टम्म फुगते ते त्यामुळेच. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे जाणे म्हणजे घाईने वर येण्याचाच प्रकार. म्हणून एक बुडी मारली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास जाऊ द्यायचे. पर्यटकांना नेतात ती बुडी उथळ आणि थोड्या वेळाची असते, धोका कमीच. पण नियम पाळायला काही पडत नाही. बुडी आदल्या दिवशी सकाळीच उरकून घ्या.

उथळ पाण्यात खरी काळजी घ्यायची ती कानांची आणि श्वासाची. दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, तिथे तो थेट दुप्पट होतो. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारा आणि कान मोकळे करा. दुखले तर थांबा, थोडे वर या, प्रशिक्षकाला खूण करा. जोर लावून पुढे जाऊ नका, पडदा फाटतो. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण छातीतली हवा वर येता येता फुगत असते. आणि सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. पैसे भरलेले असले तरी नाही. सिंधुदुर्ग किल्ला बघा.